सपाट उडी

तो माणूस पोहत नव्हता, उभा होता, हे ध्यानात यायला मला जरा वेळ लागला.

जेवणं नुकतीच उरकली होती. स्पर्धेसाठी पोहण्याच्या तलावाच्या काठावर मांडव घातला होता आणि खुर्च्यांना पांढरे अभ्रे चढवणं चाललं होतं. मी मांडवाच्या सावलीत पुस्तक उघडून बसलो होतो. समोर पाण्यात एक कामगार लेनच्या दोऱ्या भिंतीतल्या कड्यांना बांधत होता. तोंडात विडी, दोन्ही हात गाठीत गुंतलेले. बनियन छातीपाशी कोरडाच होता. दोन्ही हात असे अडकलेले असताना माणूस पोहू शकत नाही, एवढं मला पोहता येत नसूनही कळत होतं. पाणी त्याच्या कमरेच्या थोडं वर होतं.

आणि त्याच्या डोक्यावर, काठावर, दोन शिपाई, ज्यांवरून उडी मारून शर्यत सुटते ते लाकडी ब्लॉक आणून मांडत होते.

मी पुस्तक मिटलं. "हे इकडं कशाला आणलेत?"

माझा आवाज वर्गातही तिसऱ्या बाकाच्या पलीकडे जात नसे. दोनदा विचारावं लागलं.

"पाव्हणं इकडं बसणार न्हवं," एक शिपाई म्हणाला. "शर्यत त्यांच्या म्होरं सुटाय पायजे. सायबांचा निरोप आलाय."

सकाळी सगळ्या मुलींनी सराव केला तो समोरच्या बाजूला. तिकडे पाणी खोल होतं. पण ऊनही तिकडेच होतं, आणि पाहुण्यांना उन्हात बसवून चाललं नसतं. म्हणून मांडव इकडे, म्हणून घड्याळवाले इकडे, आणि आता ब्लॉकही इकडे. भिंतीवर खोलीचे आकडे असतात, ते शोधले. पाहुण्यांसाठी तलावाला नुकताच आकाशी ऑइलपेंट दिला होता. आकडे त्याखाली गेले होते. पाणी हिरवट होतं, तळ दिसत नव्हता.

इथे उभ्या राहणाऱ्या मुलींपैकी एकीला पाण्यात कसं शिरायचं ते मी शिकवलं होतं.

हे सांगायलाच हवं, कारण ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. मी सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. बादलीतल्यापेक्षा जास्त पाण्यात मी कधी उतरलो नव्हतो. आमचे फिजिकल डायरेक्टर मगदूम सर एकदा लायब्ररीत आले, माझ्यासमोर धप्पकन बसले आणि म्हणाले, "उपळेकर, तुम्ही दिवसभर वाचता. एवढं सांगा, एकच पोरगी पाण्यात सगळ्यांच्या पुढं असते आणि सुटताना सगळ्यांच्या मागं राहते, असं का?"

पोरगी म्हणजे मंदाकिनी शिरगुप्पे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कृष्णेच्या घाटावर वाढलेली, पाय चालायला लागण्याआधी पोहायला लागले असतील अशी. मी आमच्या सांगलीच्या तलावावर जाऊन तिची सुरुवात पाहिली. शिट्टी वाजली की ती लांब झेप घ्यायची आणि चादर झटकून अंथरावी तशी पाण्यावर पडायची. छाती, पोट, मांड्या, सगळं एकदम. फाडकन आवाज व्हायचा. घाटावरची मुलं टाळ्या पिटत असतील त्या आवाजाला. पण तिचा सगळा वेग त्या आवाजातच संपत होता.

मी लायब्ररीत त्या काळी येणारी परदेशी नियतकालिकं चाळली. त्यांतल्या एकात याच विषयावर लेख निघाला. पोहणाऱ्याचा सगळ्यात मोठा वेग हवेत असतो. पायांनी ब्लॉकला दिलेल्या रेट्यातून जो वेग मिळतो, तो नंतर हातपाय मारून कुणालाच मिळत नाही. म्हणजे प्रश्न वेग मिळवण्याचा नाही, तो पाण्यात शिरताना कमीत कमी गमावण्याचा आहे. शरीर सपाट पडलं तर पाणी त्याला जागोजागी अडवतं. तेच हातांनी एक भोक पाडलं आणि त्याच भोकातून डोकं, खांदे, कंबर, पाय असं सगळं ओवून घेतलं, तर पाण्याला अडवायला एकच जागा उरते. त्यासाठी उडताना कंबर वर उचलायची, हवेत वाकायचं आणि तिरकं खाली जायचं. आत गेल्यावर तळवे वर वळवले की शरीर वर येतं.

मी मगदूमांना आकृत्या काढून दाखवल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याकडून टायरची ट्यूब आणली, फुगवली आणि पाण्यावर सोडली.

"ह्यातनं जायचं," ते मंदाला म्हणाले.

"सर, मी काय सर्कशीतली वाघीण आहे का?"

"वाघीण काय, तू म्हैस आहेस. म्हैस पडते तशी पडतेस. ह्या उपळेकर सरांचं ऐक."

"ह्यांना पोहता येतं?"

"नाही," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला ब्लॉकवर बसावं लागलं. पण मुलगी जिद्दीची होती. पहिले काही दिवस ट्यूब तिच्या पायांत अडकायची, कमरेत अडकायची. मग एके सकाळी ती त्या ट्यूबमधून अशी गेली की पाण्याला नुसती एक चुणी पडली. आवाज नाही. ती कुठे गेली तेच क्षणभर कळेना. मग लांबवर, कुणाला वाटणार नाही इतक्या लांब, तिचं डोकं वर आलं.

मगदूमांनी मला मिठी मारली. मला अशी मिठी कुणी फारशी मारत नसे.

पण त्या लेखाच्या शेवटी आणखी एक परिच्छेद होता. ही उडी खोल पाण्यातच मारावी, असं त्यात लिहिलं होतं. एका तरुणाने ती उथळ पाण्यात मारली होती. तळाला डोकं लागलं, मान मोडली. तो जगला, पण मानेखालचं काहीच पुन्हा हललं नाही. मी हे मगदूमांना वाचून दाखवलं होतं, मंदालाही. मगदूम म्हणाले, "आपल्या तळ्यात हत्ती बुडेल, उपळेकर. भिऊ नका." आणि ते खरं होतं. आम्ही लाल चिंध्या बांधलेला एक बांबू पाण्यात उभा केला होता आणि मगदूम आत डोळे उघडे ठेवून पाहत असत. वर वळायच्या आधी मंदा तिच्या उंचीपेक्षा जास्त खोल जात होती.

आणि इथे पाणी कमरेएवढं.

मी मगदूमांना शोधायला निघालो. ते ऑफिसात होते, दार लावलेलं होतं आणि आत लेनच्या चिठ्ठ्यांवरून मोठ्याने भांडण चाललं होतं. मी दारावर टकटक केली. कुणी उघडलं नाही. पुन्हा जोरात ठोकावं, लाथ मारावी, असं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी जमलं असतं का, सांगता येत नाही. इतक्यात तुताऱ्या वाजल्या आणि लाउडस्पीकरवरून पाहुण्यांचं स्वागत सुरू झालं. जेवणानंतरची पहिली शर्यत मुलींची शंभर मीटर होती. त्यातून दोघींची चंदीगडच्या स्पर्धेला जाणाऱ्या विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची होती. मंदाने गेलं वर्षभर दुसरं काही मनात आणलं नव्हतं.

मी परत आलो तोवर सहा जणी रांगेने येऊन ब्लॉकच्या मागे उभ्या राहिल्या होत्या. खेळाडूंच्या आणि आमच्यामध्ये दोर बांधला होता. मी दोराशी जाऊन शर्यत सोडणाऱ्या स्टार्टरना हाक मारली. पांढरे कपडे, छातीवर बिल्ला, हातात पिस्तूल. अंगाने भरलेला माणूस.

"अहो, इथे पाणी कमी आहे."

"कोण आपण?"

"मी चौथ्या लेनच्या मुलीबरोबर आलोय. तिला इथून उडी मारता येणार नाही. तळाला डोकं लागेल."

ते माझ्याकडे बघून हसले. वाईट हसले नाहीत, समजूत घालावी तसं हसले. "सर, आमची मुलं रोज इथनं उड्या मारतात. काय होत नाही."

"तुमची मुलं सपाट मारतात. ही तशी मारत नाही."

"मग बाकी पाच जणींना काय नाही, आणि हिच्या एकटीच्याच जिवाला धोका? ती काय काचेची आहे?"

मागे कुणीतरी हसलं. आणि मला वाटलं, खरंच की. माझा हिशेब कागदावरचा. तो कामगार किती उंच होता, कुणास ठाऊक? बुटका असेल तर पाणी आणखीच कमी. उंच असेल तर कदाचित पुरेल. मी पाहिलं तरी काय होतं नक्की? एक विडी आणि एक बनियन.

"मला फक्त तिच्याशी बोलू द्या."

"शर्यत झाल्यावर बोला. बसा आता, पाहुणे थांबलेत."

मी मंदाला हाक मारली. "मंदा! सपाट! सपाट मार!" तिने रबरी टोपी कानांवर ओढली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, हात उंचावून दाखवला आणि हसली. मी तिला शुभेच्छा देतोय असं तिला वाटलं असावं. मग ती ब्लॉकवर चढली.

शिट्टी झाली. मांडव शांत झाला.

तेव्हा मी काही ठरवलं असं मला आठवत नाही. मी दोराखालून वाकून गेलो. चौथ्या ब्लॉकच्या बाजूला काठावर बसलो, कट्ट्यावर बसावं तसा, आणि पाय पाण्यात सोडले. मागून स्टार्टर म्हणाले, "टेक युवर मार्क्स..." आणि मग त्यांनी मला पाहिलं. "ओ! ओ मिस्टर!"

पाय खाली कुठे लागतील, हे मला माहीत नव्हतं. तो कामगार माझ्यापेक्षा उंच असेल तर, हा विचार नेमका त्याच वेळी आला. मी डोळे मिटले आणि खाली घसरलो.

पाय लागले. लगेच लागले.

मी चौथ्या लेनमध्ये उभा होतो. पँट फुगून वर आली होती. माझ्या शर्टाच्या खिशातलं पेनसुद्धा भिजलं नव्हतं. आणि बरोबर माझ्या डोक्यावर, वाकून, ब्लॉकची कड धरून मंदा माझ्याकडे पाहत होती. तो चेहरा मी कितीतरी वर्षं विसरायचा प्रयत्न केला. शर्यतीच्या क्षणी ब्लॉकवर उभं राहावं आणि खाली पाहावं तर आपल्या लेनमध्ये चष्मा लावलेला मास्तर उभा. तिला काही उमगत नव्हतं.

माझ्या पडण्याच्या आवाजाने पाचव्या लेनमधली मुलगी मात्र फसली. तिने उडी टाकली. फाडकन सपाट पडली आणि हात मारत मजेत पुढे गेली.

"बघा!" स्टार्टर ओरडले. "बघा, काय झालं का तिला? कुठल्या कॉलेजचे हे? काढा ह्यांना बाहेर!"

मांडवात आता सगळे हसत होते. पुढच्या रांगेतले पाहुणेही हसत होते. माझं तोंड उघडत होतं, पण त्यातून शब्द निघत नव्हता. मी तिथून हललो नाही, एवढंच. हललो तर ती उडी मारेल, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं.

मगदूम धावत आले. "उपळेकर! अहो, काय हे? लोक काय म्हणतील? चढा वर, हात द्या..." आणि मग ते थबकले. त्यांची नजर माझ्या शर्टावर होती, जिथे ओलं संपून कोरडं सुरू झालं होतं तिथे.

"तुम्ही उभे आहात," ते म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी एकदा ब्लॉकवरच्या मंदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. मग ते वळले आणि असे ओरडले की मांडवातलं हसू थांबलं. "ब्लॉक तिकडं न्या! माझी पोरगी इथनं उडी मारणार नाही!"

भांडण बराच वेळ चाललं. पाहुण्यांना पुढे कुठे उद्घाटन होतं. ब्लॉक हलवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी तोडगा निघाला की सगळ्यांनी पाण्यातूनच सुटायचं, एका हाताने काठ धरून. सगळ्यांना सारखंच, असं स्टार्टर म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने ते सारखंच होतं.

उभं राहून गारठलेली, पाण्यातून कधी न सुटलेली मंदा तिसरी आली. हातभर अंतराने.

संध्याकाळी मांडवातल्या खुर्च्या उचलल्या जात होत्या. मगदूम एस.टी.ची चौकशी करायला स्टँडवर गेले होते. माझी पँट अजून ओली होती आणि बुटांतून पाणी निथळत होतं. मंदा पायऱ्यांवर टॉवेल गुंडाळून बसली होती. तिने कपडेही बदलले नव्हते. मी तिच्यापासून थोडा लांब बसलो.

"बोलू नका माझ्याशी," ती म्हणाली.

मी बोललोच नव्हतो.

"वर्षभर, सर. पहाटे उठून. आई म्हणत होती, पोरीच्या जातीला काय करायचंय हे. मी म्हणाले, एकदा चंदीगडला जाऊन येते, मग बोल. आता काय सांगू? आमचे सर टाकीत पडले म्हणून?"

"मंदा, पाणी..."

"माहीत होतं मला!" ती उठून उभी राहिली. "ब्लॉकवर चढायच्या आधी मी वाकून अंगावर पाणी मारून घेतलं, तेव्हा पायरी दिसली. आत उतरायच्या पायऱ्या उथळ बाजूलाच असतात, त्यावरनंच कळलं. मी काय आंधळी आहे? लहानपणापासून नदीत पडतेय मी. कुठं किती पाणी आहे ते मला तुमच्या पुस्तकातनं वाचावं लागत नाही."

"मग तू..."

"सपाट मारणार होते. पहिल्यासारखी. मागं पडले असते थोडी, पण काढलं असतं अंतर. मला मारता येत नाही होय सपाट? जन्मभर तीच मारत होते!"

तिला माहीत होतं. तिला आधीच माहीत होतं आणि मी उगाच पाण्यात जाऊन उभा राहिलो. माझ्या भित्रेपणाने तिचं वर्ष बुडवलं. मी जन्मभर स्वतःबद्दल जे मानत आलो होतो, तेच बरोबर ठरलं होतं.

"खोटं वाटतंय तुम्हाला," ती म्हणाली. "बघाच."

तिने टॉवेल फेकला. ब्लॉक अजून तिथेच होते, कुणी उचलले नव्हते. ती चौथ्या ब्लॉककडे तरातरा चालत गेली.

"मंदा, नको. मला पटलं. मला पटलंय सगळं."

"बसा तिथंच."

ती वर चढली. आसपास कुणी नव्हतं. लांब मांडवाचे बांबू सोडवणारी माणसं होती, पण त्यांना हाक ऐकू जाण्यासारखा आवाज माझ्याजवळ नव्हता. मी उठलो आणि माझे पाय तिथेच रुतले. दुपारी जे काही मला पाण्यात घेऊन गेलं होतं, ते आता माझ्यात नव्हतं. मी तिच्याजवळ गेलो आणि ती दचकली तर? हात लावायला गेलो आणि तोल गेला तर?

ती वाकली. बोटांनी ब्लॉकची कड धरली. पायांच्या पोटऱ्या ताठ झाल्या. कंबर वर आली.

मी डोळे मिटून घेतले आणि आवाजाची वाट पाहू लागलो. फाडकन झाला तर ठीक. आवाज झालाच नाही तर... मी पुढचा विचार करू शकलो नाही.

आवाज झाला नाही.

काहीच आवाज झाला नाही. लांब एक बांबू जमिनीवर पडला, तेवढाच. मी डोळे उघडले.

ती अजून वाकलेलीच होती. तशीच, कड धरून. पण कंबर खाली आली होती. मग पुन्हा वर आली. तिने ती जोर लावून खाली दाबली. हात सोडून पुढे लांब केले, खांद्यांच्या सरळ रेषेत. त्याबरोबर डोकं दोन हातांमध्ये खाली गेलं आणि पाठ आपोआप वळली. तिने हात मागे घेतले. पुन्हा पुढे केले. पुन्हा पाठ वळली.

मग ती हळूहळू ब्लॉकवर बसली. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, उंच कड्यावर बसावं तशी.

"सर," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "ती कशी मारायची?"

"कुठली?"

"सपाट. मी आधी मारायची ती." तिने माझ्याकडे पाहिलं. "हात कुठं ठेवायची मी? डोकं वर असायचं ना? असं... नाही. असं?" तिने मान वर करून पाहिली आणि परत खाली आणली. "मला येईना झालंय. अंग ऐकतच नाही. वाकले की ते भोकच दिसतंय मला."

मला वाटतं, त्या क्षणी दोघांच्याही डोळ्यांसमोर दुपारचा तो ब्लॉक आला असावा. वर उचललेलं पिस्तूल, गच्च भरलेला मांडव, आणि सपाट मारायची असं पक्कं ठरवून वाकलेली ती. हिरवं पाणी आमच्यासमोर निपचित होतं.

नंतर ती उतरायला लागली. ब्लॉक गुडघ्याएवढा उंच. तिने एक पाय खाली सोडला, जमीन चाचपली आणि परत वर घेतला.

"सर," ती म्हणाली, "हात द्या जरा."